कोल्हापुरातल्या सीपीआरजवळचं जेनेरिक मेडिकल : घरात बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर नक्की वाचा

स्वस्त गोळ्या कुठनं आणता असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच नीट लिहितोय. सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यापासनं चालत पाच-सात मिनिटांवर, आतल्या गल्लीत हे छोटं जेनेरिक मेडिकल आहे, म्हणजे मोठ्या ब्रँडचंच औषध दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं, ते इथं स्वस्तात मिळतं. दुकानाचं नाव इथं टाकत नाही कारण दुकान चालवणाऱ्या काकांनी स्वतःच नको म्हणून सांगितलंय, आजूबाजूच्या मेडिकलवाल्यांशी त्यांची रोजची गाठ असते. पायजे असेल त्यानं मेसेज करा, लोकेशन पाठवतो.

आमच्यात वडलांना शुगर आणि बीपी दोन्ही, आईला बीपी आणि कोलेस्टेरॉल. आधी घराजवळच्या मेडिकलमधनं आणायचो तेव्हा महिन्याला ३ हजाराच्या वर जायचे, आता तेवढ्याच गोळ्या ११०० च्या आसपास बसतात. आणि गुण येतोय का हे पहिलं बघितलंय, गोळ्या बदलल्यावर तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासली ती आधीच्या जवळपासच आली, बीपी घरी मशीनवर बघतोच.

सगळ्यात जास्त फरक पडला तो सिटाग्लिप्टिन ह्या शुगरच्या गोळीत. ह्या गोळीचं पेटंट २०२२ च्या जुलैत संपलं आणि मग आपल्या कंपन्यांनी ती काढायला सुरुवात केली. सरकारच्या जनऔषधी केंद्रात त्याच सप्टेंबरात ५० एमजीच्या १० गोळ्या ६० रुपयाला आल्या, तेव्हा ब्रँडच्या १० गोळ्या १६० पासनं २६० पर्यंत होत्या. औषध तेच, सॉल्ट म्हणजे आतला मूळ घटक तोच. संशोधनाचा आणि मोठ्या चाचण्यांचा खर्च जेनेरिकवाल्याला परत करायचा नसतो, गोळी मूळ औषधाइतकीच शरीरात उतरते एवढं दाखवायचं असतं, म्हणून ती स्वस्त पडते. त्यात आपल्याकडं १९७० च्या कायद्यानं औषधाच्या पदार्थावर पेटंटच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, ते २००५ मध्ये बदललं. तोपर्यंत आपल्या कंपन्या एवढ्या तयार झाल्या होत्या की २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं एड्सची तीन औषधं मिळून एका पेशंटमागं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, जेव्हा परदेशी कंपन्यांची तीच औषधं १० हजार डॉलरच्या वर होती. आफ्रिकेतली किती माणसं त्यामुळं औषधापर्यंत पोचली असतील विचार करा. ग्लिव्हेकचंही तसंच, ब्लड कॅन्सरचं औषध, तेव्हा कंपनीचं महिन्याला लाखाच्या वर होतं आणि आपल्याकडचं जेनेरिक ८-१० हजारात, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये त्याचं पेटंट नाकारलं म्हणून ते चालू राहिलं. एवढं सगळं होऊनसुद्धा आपल्या गल्लीतला माणूस शुगरच्या गोळीला तिप्पट पैसे देतो ह्याचा मला खरंच लई त्रास होतो.

का देतो ते काकांनी काउंटरवर दाखवलं. दोन पाकिटं शेजारी ठेवली आणि म्हणाले, पुढचं नाव बघू नका, पालथं करून बारीक अक्षर वाचा. दोन्हीत टेल्मिसार्टन ४० ही बीपीची गोळी, दोन्ही एकाच कारखान्यात बनलेली, फक्त विकणारी कंपनी वेगळी आणि किमतीत तिपटीचा फरक. मग तिसरं काढलं, हे जेनेरिकच, छापील किंमत नव्वदच्या घरात आणि काका ते पंचवीसला देतात. दुसरीकडं ह्याच पाकिटावर १५ टक्के डिस्काउंट मिळालं की गिऱ्हाईक खूश होऊन जातंय. तेव्हा नुसता 'जेनेरिक' असा बोर्ड बघून आत जाऊ नका, हातात शेवटी किती रुपयाला पडतंय ते विचारा. सरकार वरची किंमत बांधून देतं ती फक्त अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची, बाकीच्यांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

आता एक गोष्ट काही जणांना खटकेल. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर काका आपल्या मनानं बदलून देत नाहीत, शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही अशा औषधाला कायद्यानंच ते चालत नाही. डॉक्टरांकडनं सॉल्टचं नाव लिहून आणा म्हणतात. आमच्या आधीच्या डॉक्टरांना तसं विचारलं तर 'तसली औषधं घेतलीत तर मी जबाबदार नाही' म्हणाले, दुसऱ्यांनी मात्र एका मिनिटात लिहून दिलं. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं असा नियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला होता, तो त्याच महिन्यात स्थगित झाला, त्यामुळं विचारायचं काम आपल्यालाच करावं लागतं. डॉक्टरांची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कमी दर्जाचा माल बाजारात सापडतो, ब्रँडमध्येही सापडतो. म्हणून बिल घ्या आणि त्यावर बॅच नंबर आहे का बघा, हे काका न मागता देतात. थायरॉइडची आणि फिटची गोळी तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका कंपनीची दुसऱ्या कंपनीला बदलतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मी लायनीत असताना गगनबावड्याकडच्या एक आज्जी केसपेपर घेऊन आल्या, बीपीच्या पाचच गोळ्या द्या म्हणाल्या. काकांनी पाकीट कापलं ते एक्सपायरी छापलेली बाजू आज्जींकडं राहील असं कापलं, आणि विचारलं, पाच संपल्यावर काय करणार? 'पैसं आलं की पुन्हा येतो की रं.' मग त्यांनी महिन्याच्या गोळ्यांचा हिशोब पाठीमागच्या कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दाखवला, आणि बरं वाटलं तरी ही गोळी बंद करायची नाही आज्जी, हे दोनदा सांगितलं. आज्जींनी अख्खं पाकीट घेतलं. दर कमी असून उपयोग नसतो जर समोरच्याला तो माहीतच नसेल, आणि हे काम काका दिवसभर करतात.

उणिवा आहेतच. संध्याकाळी लई गर्दी, उभं राहायला जागा नाही आणि गाडी लावायची तर सोयच नाही. घरपोच देत नाहीत, रविवारी बंद. इन्सुलिन कधी असतं कधी नसतं, असलं तर बर्फाच्या पाकिटात घालून देतात. लहान मुलांची सिरप कमी, कॅन्सरची औषधं ठेवतच नाहीत. एखादी गोळी नसेल तर मात्र 'उद्या या' म्हणून झुलवत नाहीत, कुठं मिळेल ते सांगून सरळ तिकडं पाठवतात.

पाचपैकी साडेचार. जाताना चिठ्ठी आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, एमजी आणि पुढचं एसआर किंवा एक्सआर (म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी गोळी) हे जुळवायला लागतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जावा, म्हणजे नसलेली मागवायला त्यांना वेळ मिळतो. दुपारी अकरा ते एक त्यातल्या त्यात निवांत असतं.