फ्लॉरेन्सहून आणलेला पोलिश घोडेस्वार

फ्लॉरेन्सला आर्नो नदीच्या पलीकडे जुन्या छापचित्रांचं एक छोटं दुकान आहे. तिथून मी स्तेफानो देल्ला बेल्ला (१६१०–१६६४) या इटालियन छापचित्रकाराचं एचिंग घेतलं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र. गोल चौकटीत पोलिश स्वार, डोक्यावर केसाळ टोपी. ३८० युरो मोजले आणि एकदाही पस्तावले नाही.

देल्ला बेल्ला आधी सोनारकाम शिकला होता, ते रेषेत दिसतंच. १६३३ साली पोलंडचा राजदूत थाटामाटात रोममध्ये शिरला, ती मिरवणूक त्यानं सहा ताम्रपटांवर उतरवली. त्यामुळे हा स्वार मला ऐकीव माहितीवर काढलेला वाटत नाही. भिंग लावून बघा. घोड्याच्या आयाळीतली रेषा ठसठशीत, आम्लानं खोल खाल्लेली. मागच्या टेकड्यांची इतकी नाजूक की फुंकरीनं उडेल. छापून छापून ताम्रपट झिजला की आधी याच रेषा जातात. माझ्या प्रतीत त्या शाबूत आहेत!

दुकानातल्या बाईंनी कागद उजेडासमोर धरून दाखवला, डावा समास कापलेला आहे हेही स्वतःहून सांगितलं. फक्त चित्र नळीत गुंडाळून दिलं, ते मला अजिबात पटलं नाही. एवढ्या जुन्या कागदाला बाक देऊ नये. तुम्ही गेलात तर दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये बांधून मागा.