विशेष चिन्हांचा पासवर्ड: आदेशात लिहावा की नेटआरसी फाइलीत ठेवावा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचा साठा-तपशील रोज रात्री कर्लने (आदेश लिहून फाइली पाठवण्याचे साधन) सर्व्हरवर चढवणारा माझा मित्र या दोन पर्यायांत अडकला आहे: पासवर्ड आदेशातच लिहावा, की नेटआरसीत, म्हणजे कर्ल जिथून लॉगिन-नाव आणि पासवर्ड वाचते त्या साध्या मजकूर फाइलीत, ठेवावा.

मेहनतीच्या दृष्टीने आदेशातच पासवर्ड लिहिणे सोपे. मात्र अवतरणचिन्हे एकेरीच हवीत. 'Chadar$2024' असा पासवर्ड दुहेरी अवतरणात दिला, तर बॅश (आदेश वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच शेल) '$2' हे चल (किंमत साठवणारे नाव) समजते, ते रिकामे असल्याने तिथे काहीच ठेवत नाही आणि सर्व्हरकडे 'Chadar024' जाते. मग दोष सर्व्हरला दिला जातो! एकेरी अवतरण हा घोटाळा टाळते, पण पासवर्डातच एकेरी अवतरण असेल तर तेही तुटते. शिवाय क्रॉनटॅबच्या (ठरल्या वेळी आपोआप चालायच्या आदेशांच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचे चिन्ह अवतरणात असले तरी नवी ओळ मानले जाते.

नेटआरसी फाइल शेलच्या वाचनातून जातच नाही, त्यामुळे डॉलर वा उद्गारचिन्ह तिथे निरुपद्रवी ठरते. पासवर्डात रिकामी जागा असेल तर मात्र जुने कर्ल अडते.

सुरक्षिततेत आदेशातील पासवर्ड हिस्टरीत, म्हणजे शेलने ठेवलेल्या जुन्या आदेशांच्या नोंदीत, उरतो. नेटआरसीतही तो उघडाच असतो, म्हणून फाइलीची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी.

एखाद्या वेळच्या चाचणीला एकेरी अवतरण पुरे. मित्राच्या रोजच्या कामाला मात्र नेटआरसीच योग्य.