होम रेकॉर्डिंगचा माईक सेट, सात महिने वापरून: खरखर नक्की येत होती कुठून

सेट घेऊन सात महिने झाले म्हणून आत्ता लिहितेय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर सरळ एक स्टार देऊन मोकळी झाले असते आणि ते माईकवर अन्याय करणारं ठरलं असतं. मी अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आधी मोबाईलवरच करायचे. मग वाटलं की जी मुलं तासन् तास कानानेच अभ्यास करणार त्यांना स्वच्छ आवाज मिळायला हवा, म्हणून नवशिक्यांसाठीचा सेट घेतला. एक कंडेन्सर माईक, माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा दोन चॅनलचा छोटा यूएसबी इंटरफेस, टेबलाला लावायचा आर्म, तोंडातल्या हवेचा फटका अडवणारी जाळी म्हणजे पॉप फिल्टर, आणि माईक इंटरफेसला जोडणारी, बॉक्समध्येच आलेली एक्सएलआर केबल.

पहिल्या दिवशी आवाजच नाही. हे लगेच सुटलं, कंडेन्सर माईकला ४८ व्होल्ट लागतात आणि इंटरफेसवरचं फँटम पॉवरचं बटण मी दाबलंच नव्हतं. डायनॅमिक माईकला ते लागत नाही, कंडेन्सरला लागतंच. एक सवय तेव्हापासून लावून घेतली, केबल लावताना-काढताना फँटम बंद आणि गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारा नॉब) शून्यावर, नाहीतर हेडफोनमध्ये असा धाडकन आवाज येतो की कान दुखतो.

मग आवाज आला, पण लांबून, विहिरीतून बोलल्यासारखा. मी गेन वाढवत गेले आणि खोलीतला पंखा, बाहेरची गाडी, सगळं वर आलं, माझा आवाज तसाच. यात दोन आठवडे गेले. कारण काय तर माझ्या माईकमध्ये टोकाकडून नाही, बाजूने बोलायचं असतं, आणि तेही ज्या बाजूला लोगो आहे तिकडून. मी मागच्या बाजूला बोलत होते, आणि असा कार्डिऑइड पॅटर्नचा, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माईक मागचं सगळ्यात कमी ऐकतो. फिरवला, एक वीतभर अंतरावर बसले, गेन निम्म्यावर आला आणि पंख्याचा आवाजही आपोआप खाली गेला. ही एक ओळ बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे, मला खरंच कळत नाही.

आता मुख्य विषय, खरखर. साधारण दुसऱ्या महिन्यापासून सुरू झाली. कधी वीस मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम खर्र, कधी टिक, कधी आवाज अचानक पातळ आणि हळू होऊन परत नॉर्मल. एक अख्खा धडा तीनदा वाचला मी, घसा बसला. ड्रायव्हर परत टाकला, दुसरं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, विंडोजमधले ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद केले. एका वेळी चार गोष्टी बदलत होते त्यामुळे दोन दिवस बरं वाटलं तरी कशाने बरं वाटलं ते कळायचं नाही.

ज्या गोष्टीने रस्ता सापडला ती इंटरफेसवरच होती. डायरेक्ट मॉनिटर. ते चालू केलं की माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत येण्याआधीच, थेट इंटरफेसमधून हेडफोनला मिळतो. म्हणजे तिथेही खरखर ऐकू आली तर दोष माईक, केबल किंवा इंटरफेसमध्ये, आणि तिथे स्वच्छ पण रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक असेल तर दोष यूएसबी किंवा कॉम्प्युटरकडे. अर्धं जग एका बटणाने बाद होतं! मी दोन्ही ऐकलं आणि तेव्हा कळलं की माझ्याकडे एक नाही, दोन वेगळे दोष होते आणि मी दोघांना एकच समजून इतके दिवस झगडत होते.

टिकटिक कॉम्प्युटरची होती. इंटरफेस मी यूएसबी हबला लावला होता, तो थेट लॅपटॉपला लावला. विंडोजमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ होता, दोन्हीकडे ४४.१ केला. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा किती तुकडा साठवून घेतो ते, १२८ वरून ५१२ केला, वाचनासाठी तेवढं पुरतं, आधीचं रेकॉर्डिंग ऐकत त्यावर गाणाऱ्यांना आपला आवाज उशिरा येतोय असं जाणवेल. टिकटिक गेली ती गेलीच. या तीन गोष्टी मात्र मी एकेक करून बदलल्या आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐकलं, सगळ्यात जास्त फरक हब काढल्याने पडला.

खर्र मात्र डायरेक्ट मॉनिटरमध्येही होती. मग माईक दुसऱ्या चॅनलला लावला, तरी खर्र, म्हणजे पहिल्या इनपुटचा दोष नाही. मग एका मैत्रिणीची केबल आणली, आणि शांत. परत माझी लावली, आर्म जरा हलवला, खर्र. एक्सएलआरमध्ये तीन पिना असतात, १ नंबर ग्राउंड, २ आणि ३ वर आवाज. मल्टिमीटरने एका टोकाची प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाशी तपासली, २ नंबरची पिन तपासताना केबल वाकवली की बीप तुटायची. कनेक्टर उघडला तर आत सोल्डर सुटत आलेलं. म्हणजे आवाज पातळ का व्हायचा तेही कळलं, दोनपैकी एकच तार पोचत होती. माईक ठणठणीत होता. बॉक्समध्ये फुकट म्हणून आलेल्या केबलने तीन महिने खाल्ले.

विक्रेत्याकडे तक्रार केली तर ‘ड्रायव्हर अपडेट करा’ एवढंच उत्तर तीनदा आलं. याचा राग अजून आहे, कारण नवीन माणूस अशा उत्तरावर सगळा सेट विकून टाकतो आणि रेकॉर्डिंगच सोडून देतो.

घूं असा बारीक गुणगुणाट येत असेल तर ते वेगळंच प्रकरण. वीज ५० हर्ट्झची असेल तर ५० आणि तिच्या पटीत, ६० ची असेल तर ६० च्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, माझा त्यातच थांबला, आता बॅटरीवर रेकॉर्ड करते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका असं कोणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका, गुणगुण परवडली, शॉक नाही.

आता सेट कसा चाललाय? लेव्हल अशी ठेवते की जोरात वाचलं तरी पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतो, २४ बिटवर रेकॉर्ड करत असल्याने नंतर वाढवला तरी काही बिघडत नाही. ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटायचे ते पॉप फिल्टर चार बोटं पुढे आणि माईक तोंडाच्या जरा तिरका ठेवल्यावर थांबले. घुमणं कमी करायला मागे कपड्यांचं उघडं कपाट आणि समोर स्टँडवर जाड गोधडी. फोमचे पातळ तुकडे भिंतीला चिकटवूनही बघितले, वरचा थोडा चरचरीतपणा जातो पण खोलीचा घुमारा तसाच राहतो, गोधडी कितीतरी बरी. दमट दिवसांत माईकमध्ये बारीक चटचट यायची, आता वापरून झाला की सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवते आणि ती बंद आहे.

तक्रारी राहिल्यात त्या अशा. आर्मचा स्प्रिंग सैल झालाय, माईक हळूहळू खाली येतो. इंटरफेसचा गेन नॉब शेवटच्या टोकाला एकदम उडी मारतो. लॅपटॉपचा पंखा लांब धडा वाचताना अजून ऐकू येतो, तो मी माईकच्या पाठीमागच्या बाजूला सरकवला तेव्हा बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. तरी नवीन कोणी विचारलं तर याच प्रकारचा सेट घे म्हणेन, फक्त केबल वेगळी आणि चांगली घे.

पुढच्या आठवड्यात दहावीचं इतिहासाचं पुस्तक सुरू करतेय. सेट हाच, एक जादा केबल टेबलाच्या खणात ठेवलीय.