तट्टू आखडलं: रक्त तपासावं की केस?

निपाणी-खानापूरकडे तट्टू रपेटीनंतर घामाघूम होऊन अडलं की पोटदुखी समजून फिरवतात. आधी पुठ्ठ्यावर हात ठेवा. तो कडक लागला, लघवी तपकिरी झाली, तर दुखणं पोटाचं नाही, स्नायूंचं; जागचं हलवू नका. पाणी ठेवा, डॉक्टर बोलवा.

माझं मत रक्ताला. स्नायू दुखावले की सीके आणि एएसटी ही विकरं (एन्झाइम) रक्तात वाढतात. सीके ४ ते ६ तासांत शिगेला पोचतं आणि लवकर उतरतं, एएसटी बरेच दिवस रेंगाळतं. म्हणून उशीर झाला तरी दोन्ही मागा. केसांच्या मुळांवरून २००८ मध्ये सापडलेला, स्नायूंत जादा साखर साठवणारा जीवायएस१ जनुकातला दोष कळतो, पण बाकीची कारणं निसटतात. वारंवार आखडत असेल तरच तो खर्च.

तोवर मका-हरभरा कमी, वैरण भरपूर. बरं झाल्यावर रोज थोडं चालवा. आठवडाभर बांधून रविवारी दामटणं बंद.