इम्पॅक्ट फॅक्टर ७.८६४, फी साडेतीन हजार

कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल लावणाऱ्या प्राध्यापक मंडळींसाठी लिहितोय. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात आणखी दोघांना तोच मेसेज आलाय: 'आठवड्यात पेपर पब्लिश, यूजीसी केअर, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८६४.' (केअर म्हणजे यूजीसीची दर्जेदार जर्नल्सची यादी; इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतर संशोधक किती संदर्भ देतात, त्याचा आकडा.)

मी साडेतीन हजार भरले. यूपीआयवर जर्नलचं नाव नव्हतं, कुणा गृहस्थाचं होतं. आठवडा सरायच्या आत सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट हजर! पीअर रिव्ह्यूची, म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांच्या तपासणीची, एक ओळ नाही की एक शंका नाही.

फाईलच्या स्क्रीनिंगला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमका तोच पेपर बाजूला काढला. "सर, जर्नल खरं आहे, पण ही वेबसाइट त्यांची नाही." नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) एका जुन्या छापील नियतकालिकाचं, साइट भलत्याच कुणाची. याला क्लोन जर्नल म्हणतात. मूळ संपादकांना फोन केला, तर ते माझ्याहून वैतागलेले.

त्या आकड्याचं तर नवलच. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स (इतरांनी दिलेले संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले लेख. आणि २०२३ पासून ते एकाच दशांश स्थळापर्यंत आकडा देतात. म्हणजे ताज्या म्हणून मिरवलेल्या आकड्यात तीन दशांश दिसले, तिथेच पाणी मुरतंय. पैसे घेऊन असले आकडे वाटणाऱ्या साइट्सही आहेत. नावात 'ग्लोबल' वगैरे असतंच. केअर यादी तर यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली, मेसेजात मात्र ती अजून जिवंत!

आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक, दर्जाशी त्याचा संबंध नाही. पण आयएसएसएन पोर्टलवर तो टाकला की प्रकाशक कोण, छापील की ऑनलाइन, हे फुकट कळतं. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट आणि स्कोपस या संशोधन-डेटाबेसची सोर्सेसची यादीही फुकटच बघता येते. 'क्यू वन' (विषयातल्या जर्नल्सपैकी वरच्या पाव भागातलं) सांगितलं, तर कोणाचं आणि कुठल्या विषयात ते विचारा. एकच जर्नल एका विषयात क्यू वन आणि दुसऱ्यात क्यू थ्री असू शकतं.

पेपर काढून टाका म्हटलं, तर आता 'विथड्रॉवल फी' मागतायत. तिथून हटल्याशिवाय दुसरीकडे पाठवायचीही पंचाईत. फी भरणार नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तुम्हालाही तो मेसेज आला असेल, तर डिलीट करू नका. स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी जपून ठेवा.