दहा महिने, चार कर्जं: झटपट कर्जाच्या अ‍ॅपचा वापरानंतरचा अनुभव

आधी तारे देऊन मोकळी होते. पाचपैकी दोन. एक तारा पैसे खरोखर अकरा मिनिटांत खात्यात आले म्हणून, आणि दुसरा कॅमेरा आणि लोकेशन सोडून फोनमधलं काही मागितलं नाही म्हणून. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. या जातीची अ‍ॅपं मी नंतर चार-पाच उघडून पाहिली. रंग वेगळे, पडदे तेच.

मी नाशिकला अंबडच्या एका लहान फॅब्रिकेशनच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दिवसभर टॅलीत बिलं चढवायची, जीएसटीचा पैसा न् पैसा जुळवायचा. पगार चोवीस हजार, सात तारखेला. हे मुद्दाम सांगते, कारण "अडाणी माणसं फसतात" असं म्हणणाऱ्यांना माझं उदाहरण बरं पडेल.

जून 2024 मध्ये मुलीच्या शाळेची फी अठरा हजार होती आणि त्याच आठवड्यात गाडीचा विमा संपला. भिशीचा माझा नंबर ऑगस्टचा. बायकांना विचारलं असतं तर कुणीतरी नंबर बदलून दिला असता, पण विचारायला लाज वाटली. अ‍ॅपला विचारताना लाज वाटत नाही, आणि धंद्याची खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. वीस हजारांचं कर्ज, तीन महिने, "व्याज फक्त 3 टक्के". आधार, पॅन, सेल्फी, बँकेचं स्टेटमेंट अ‍ॅपला दिसावं याची परवानगी, ओळखीच्या दोघांचे नंबर, ऑफिसचा नंबर, ई-मँडेट (म्हणजे हप्ता खात्यातून परस्पर कापून घ्यायची परवानगी). चहा गार व्हायच्या आत 18,584 रुपये जमा. वीस नव्हे. प्रोसेसिंग फी 1,200 आणि तिच्यावर 216 जीएसटी आधीच कापलेली.

त्याआधी एक पडदा आला होता, "मुख्य तथ्य विवरण" नावाचा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी जे नियम काढले, त्यांत हा कागद सक्तीचा केला. त्यावर कर्ज देणारी वित्तसंस्था कोण (अ‍ॅप नुसता मध्यस्थ, कर्ज दुसऱ्याच शहरातल्या कंपनीचं), तक्रार कोणाकडे करायची, कर्ज नको वाटलं तर तीन दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून परत कसं करायचं, हे सगळं होतं. आणि वार्षिक खर्चाचा दर, 83.03 टक्के. मी अंगठ्याने पडदा वर ढकलला आणि "मला मान्य आहे"वर बोट ठेवलं. चार सेकंद लागले असतील. कारखान्यात कुणी बिल न वाचता सही केली तर मी त्याला दोन वेळा ऐकवते.

तो 83चा आकडा मला कळला फेब्रुवारीत, तोही सासऱ्यांमुळे. ते पतसंस्थेत बत्तीस वर्षं लिपिक होते. डोळ्यांना भिंग लावून त्यांनी माझ्या फोनवरचा कागद वाचला आणि कालनिर्णयाच्या जुन्या पानाच्या कोऱ्या जागेत हिशोब मांडला. हप्ता 7,071. तीन हप्ते म्हणजे 21,213. हातात आले होते 18,584. म्हणजे वर गेले 2,629. मी म्हटलं, अठरा हजारांवर अडीच हजार, ही काय लूट नाही. ते म्हणाले, "बाळा, ते पैसे तीन महिने तुझ्याकडे होते कुठे? पहिल्या महिन्यातच सात हजार परत गेले. दुसऱ्यात आणखी सात. शेवटचा महिना तू साडेसहा हजारांच्या आसपासच वापरलेस." मग त्यांनी महिन्याचा दर काढला. सात टक्क्यांना थोडा कमी. गुणिले बारा. त्र्याऐंशी. फी मुद्दलातून आधी कापली की महिन्याचे तीन टक्के सात होतात, हे मला टॅलीने कधी शिकवलं नाही.

मग त्यांना जरा चेव चढला. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेती, विनातारण कर्जाला वर्षाला 18 टक्क्यांवर घ्यायचं नाही, 2014 च्या सावकारी कायद्याखाली तसा दर ठरलेला आहे. जुन्या दामदुप्पटीच्या नियमात थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नसे. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी 1875 मध्ये सावकारांची कर्जखतं जाळली, हेही झालं. मी विचारलं, मग या अ‍ॅपवाल्यांना 18 टक्के का नाही? तर कर्ज देणारी कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्तसंस्था आहे, आणि अशा संस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितलं. रिझर्व्ह बँक दराला कमाल मर्यादा घालत नाही, दर सांगा म्हणते. त्यांनी सांगितला होता. मी ढकलला होता.

पहिलं कर्ज मी वेळेत फेडलं, आणि त्याचा पस्तावा नाही. फी भरायचीच होती.

दुसरं ऑक्टोबरमध्ये, दिवाळीआधी. पंचवीस हजार. त्यातले चौदा हजार नवऱ्याच्या मोबाइलचे, कारण जुन्याची काच फुटली होती, म्हणजे कोपऱ्यात एक चीर होती. बाकीचे नणंदेच्या डोहाळजेवणाला, साडी आणि चांदीची वाटी. हे कर्ज शंभर टक्के माझं. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. अ‍ॅपने "अभिनंदन! तुमचं लिमिट 40,000 होऊ शकतं" एवढंच म्हटलं आणि खाली एक हिरवं बटण दिलं. नियमाप्रमाणे लिमिट परस्पर वाढवता येत नाही, संमती लागते. संमती म्हणजे ते बटण. आणि हा मेसेज महिन्याच्या बावीस-तेवीस तारखेलाच येतो, कधीही आठ तारखेला येत नाही. माझं स्टेटमेंट त्यांच्याकडे आहे. माझ्या खात्यात कधी खडखडाट असतो हे नवऱ्याआधी त्यांना कळतं.

आता हप्त्याची तारीख. पगार सातला, हप्ता पाचला. पहिल्या वेळी मी सांभाळून पैसे ठेवले. डिसेंबरमध्ये कारखान्याचं येणं अडकलं, आधीचा पगारही उशिरा आणि तुटक झाला होता. पाच तारखेला 8,838चा हप्ता बाउन्स. बँकेने 295 कापले, कंपनीने 500 लावले. अ‍ॅपमध्ये बघायला गेले तर लिहिलं होतं "तुम्ही निवडलेली तारीख: 5". मी निवडली नव्हती. मी बदलली नव्हती. तारीख बदलायची सोय अर्ज भरतानाच्या तिसऱ्या पडद्यावर, करड्या बारीक अक्षरात होती, हे मी नंतर शोधलं. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या सातला "सॅलरी" असं छापलेलं असताना पाच तारीख आधीच भरून ठेवणाऱ्याला ते दिसलं नसेल, असं मला कुणी पटवू नये.

बाउन्सनंतर चौथ्या दिवशी मेसेज: "तुम्ही आमच्या विश्वासू ग्राहक आहात. 15,000 तयार आहेत." मी घेतले, अडकलेला हप्ता भरला, उरलेले घरात गेले. पाच जानेवारीला दोन हप्ते एकत्र, 14,141. पगार चोवीस हजार. जानेवारीत चौथं कर्ज, तीस हजार, सहा महिने. तिसऱ्याचे उरलेले हप्ते आणि घरभाडं त्यातून गेलं.

घरात याच्यावर पुष्कळ वाजलं. नवरा म्हणतो (मोबाइल त्याच्याच हातात आहे, हे वाचताना लक्षात ठेवा), "सही तुझी, मग बोंब कशाला?" ऑफिसातली मैत्रीण म्हणते, सगळे लुटारू आहेत, भरूच नकोस, काय करतील? मला दोघांचंही पटत नाही. तिच्या चुलत भावाने सात दिवसांचं कर्ज एका लिंकवरून घेतलं होतं, त्याचे फोटो नातेवाइकांना गेले. तो उघड गुन्हा होता, सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करायची गोष्ट होती. रिझर्व्ह बँकेच्या समितीला 2021 मध्ये अकराशेच्या आसपास कर्जाची अ‍ॅपं सापडली, त्यांतली सहाशे बेकायदा. माझं त्यांतलं नव्हतं. प्ले स्टोअर साठ दिवसांत फेडायची कर्जं चालू देत नाही, म्हणून माझ्या अ‍ॅपवर कमीत कमी मुदत तीन महिने होती. सगळं कायद्यात बसवलेलं.

पण कर्ज दोघं मिळून ठरवतात. दुसऱ्या कर्जाच्या वेळी मी मूर्ख होते आणि त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. तिसऱ्याच्या वेळी मात्र त्यांच्यासमोर माझा पगार होता, चालू हप्ता होता आणि चार दिवसांपूर्वीचा बाउन्स होता. घेणाऱ्याची ऐपत तपासून मगच कर्ज द्या, हेही रिझर्व्ह बँकेच्या त्याच नियमांत होतं. माझ्याकडे घाबरलेलं डोकं होतं, त्यांच्याकडे पक्का हिशोब. आमच्या कारखान्यात मागचं बिल थकलेल्या गिऱ्हाइकाला शेठ उधारीवर माल सोडत नाहीत. सोडला आणि बुडाला तर गिऱ्हाइकाइतकेच स्टोअरवाल्यालाही बोलतात.

फेब्रुवारीचा हप्ता बाउन्स झाला. सहा तारखेला, म्हणजे पगाराच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वसुलीवाल्याचा फोन. मी डबे भरत होते. उद्या भरते म्हटलं. अकरा वाजता ऑफिसच्या लँडलाइनवर. तो शेठनी उचलला. "त्या मॅडम तुमच्याकडेच आहेत ना? पगार देता की नाही त्यांना?" शेठनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर शॉपवर निघून गेले. त्यांनी आजवर त्यावर एक शब्द काढलेला नाही. दुपारी दिराला फोन, कारण ओळखीचा म्हणून त्याचा नंबर मीच दिला होता.

हो, मीच दिला होता. पण रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट होतं: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही, आणि कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, एवढंच काय ज्यांचे नंबर संदर्भासाठी दिले त्यांनाही त्रास नाही. व्याजाला मी हो म्हटलं होतं, 83 टक्क्यांना म्हटलं होतं, बाउन्सच्या पाचशेलाही. शेठच्या टेबलावरच्या फोनला म्हटलं नव्हतं. नवऱ्याला मी हेच सांगते की सही माझी आहे म्हणूनच त्या कागदात काय आहे आणि काय नाही हे बघायचा हक्कही माझा आहे.

विवरणावरच्या तक्रार अधिकाऱ्याला मी कॉल-लॉगच्या स्क्रीनशॉटसह मेल केला. फोनवर भांडण्यात अर्थ नसतो, लेखीच द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. रिझर्व्ह बँकेच्याच 14448 या नंबरवर विचारलं तर मराठीतही सांगतात. मला सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं: दिलगिरी, एजंट बदलला, 500 परत मिळणार नाहीत. एजंट खरंच बदलला. नवीन मुलगा साडेदहाला फोन करायचा आणि "काकू" म्हणायचा, ते जास्त लागलं.

मार्चमध्ये पाटल्या बँकेत सोनेतारण ठेवल्या, वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी, आणि सगळं एकरकमी भरलं. नुसती चार कर्जांची प्रोसेसिंग फी जीएसटीसकट 6,372 झाली होती. व्याज त्याच्या वर.

घ्यायचंच असेल तर घ्या, मी कोण अडवणार. 1 जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या साइटवर अ‍ॅपांची यादी आहे, तीत नाव बघा. आधी हप्त्याची तारीख बदला. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे ई-मँडेट जात नाही, तो बँकेच्या अ‍ॅपमधून वेगळा रद्द करावा लागतो. माझा पाच महिने तसाच जिवंत होता. आणि "कर्ज बंद" असं पत्र मागून घ्या, ते आपणहून पाठवत नाहीत.

परवा तेवीस तारीख होती. नवीन नंबरवरून मेसेज आला, साठ हजार मंजूर. सासऱ्यांना दाखवला तर त्यांनी भिंग मागितलं. पाटल्या नोव्हेंबरात सुटतील.