बदलत्या ड्युटीतल्या प्रार्थनेसाठी घेतलेलं वाळूचं घड्याळ: चार महिन्यांनंतर

मी अठरा वर्षं नर्स आहे. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, मग सलग रात्री. या वेळापत्रकात प्रार्थनेसाठी कोणती वेळ ठरवायची, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून छळतो आहे. "पहाटे पाचला उठून बस, सगळं शांत असतं," असं खूप जणांनी मनापासून सांगितलं. पण महिन्यातले कितीतरी दिवस पहाटे पाचला मी वॉर्डात रुग्णांचा ताप बघत असते.

खरं तर बहुतेक धर्मांनी प्रार्थनेच्या वेळा सूर्याला बांधल्या आहेत. त्रिकाल संध्या असो किंवा मुसलमानांची पाच वेळची नमाज, सूर्य कुठे आहे यावरून वेळ ठरते. ख्रिस्ती मठांसाठी संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात नियम घालून दिले. त्यांत दिवसाच्या सात प्रार्थना आहेत, रात्रीची वेगळी, आणि प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातलं काम तिथेच सोडून निघायचं. मला हे वाचून फार आवडलं होतं. पण माझ्या हातात सलाईनची सुई असते, ती तिथेच कशी सोडू?

म्हणून आधी मोबाइलवरचं एक ध्यानाचं ॲप घेतलं. आवाज छान होता, सुरुवात चांगली झाली. ते ॲप सलग किती दिवस बसलात ते मोजायचं. तेवीस दिवस झाले आणि एका सहकारी बाईंना अचानक रजा घ्यावी लागल्यामुळे मला दोन पाळ्या सलग कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यावर शून्य दिसलं. त्या शून्याचं मला फार वाईट वाटलं, इतकं की पुढचा महिनाभर मी बसलेच नाही. शिवाय गजर बंद करायला मोबाइल हातात घेतला की वॉर्डाच्या ग्रुपवरचे निरोप दिसायचे आणि मन परत कामावर जायचं.

सवयींवरचा एक अभ्यास नंतर वाचनात आला. २०१० साली प्रसिद्ध झालेला, लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला. एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक पडतो, असं त्यात होतं. मला धीर देणारी गोष्ट वेगळीच होती: मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष खंड पडत नाही. ते शून्य खोटं होतं तर! आणि त्या लोकांनी आपली सवय घड्याळाच्या काट्याला न बांधता रोजच्या एखाद्या घटनेला बांधली होती, जसं की न्याहारीनंतर. मलाही घटना सापडली. पाळी कुठलीही असो, घरी येऊन मी गणवेश उतरवतेच. त्यानंतर दहा मिनिटं.

आता ही दहा मिनिटं मोजायची कशाने, यासाठी हे वाळूचं घड्याळ आलं.

साधं आहे. दोन काचेचे फुगे, मध्ये बारीक मान, वरखाली लाकडी चकत्या आणि तीन दांड्या. उंची वीतभरापेक्षा कमी. आतली पांढरी वाळू एकसारख्या दाण्यांची आहे. वर वाळू भरपूर असो की चिमूटभर उरलेली असो, पडण्याचा वेग जवळपास तोच राहतो. तो ठरतो मानेच्या रुंदीवर आणि दाण्याच्या आकारावर. पाण्याचं तसं नाही, पातळी उतरली की धार मंदावते. त्यामुळे शेवटची दोन मिनिटं पहिल्या दोन मिनिटांइतकीच असतात, रेंगाळत नाहीत.

नाडी मोजायच्या मनगटी घड्याळाने मी तपासून पाहिलं. एका बाजूने नऊ मिनिटं चाळीस सेकंद, उलट केल्यावर दहा मिनिटं पंधरा सेकंद. विकताना दहा मिनिटं म्हटलं आहे, तर हा फरक सांगायला हवा. औषध देण्यासाठी मी असलं घड्याळ कधीच वापरणार नाही. प्रार्थनेला मात्र चालतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की ते किती वाजले हे सांगतच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं की लगेच हिशेब सुरू होतो: अजून जेवण व्हायचं आहे, चार तास झोप मिळेल, मुलीची शाळा सुटेल. इथे फक्त वर थोडी वाळू आणि खाली थोडी वाळू. सकाळचे अकरा आहेत की रात्रीचे अकरा, याने त्याला काहीच फरक पडत नाही. जुन्या जहाजांवर अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ असायचं. ते रिकामं झालं की उलटवायचं आणि घंटा वाजवायची, अशा आठ घंटा झाल्या की चार तासांची पाळी संपली. हे कळलं तेव्हा मला अगदी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. हे मुळात पाळीवाल्यांचं साधन आहे.

घंटा मात्र माझ्या घड्याळाला नाही, आणि पहिला आठवडा याचाच त्रास झाला. डोळे मिटले की संपलं असेल का, ही शंका येई आणि दर मिनिटाला डोळे उघडत. मग मी ते समोर ठेवून उघड्या डोळ्यांनीच प्रार्थना करायला लागले. आता तीच पद्धत पडली आहे. ज्यांना डोळे मिटूनच बसायचं आहे, त्यांनी हे घेऊ नये, मंद टोल देणारं एखादं यंत्र बघावं.

मी काय करते तेही सांगते, कारण दहा मिनिटं पुरतात का, असं मला दोघी-तिघींनी विचारलं. आमच्या वॉर्डात चोवीस खाटा. दारापासून सुरू करून खिडकीपर्यंत मी मनाने एकेका खाटेपाशी जाते. प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस सेकंद येतात. काही मागते, काही वेळा नुसती थांबते. जिथे माझं चुकलं असेल तिथे वाळू पडत राहते आणि मला पुढे सरकता येत नाही. मागच्या महिन्यात एका आजींनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा मी तोडून बोलले होते. वॉर्डात ते मला जाणवलंही नव्हतं. घरी त्या खाटेपाशी आले आणि सगळी उरलेली वाळू तिथेच गेली. दुसऱ्या दिवशी हँडओव्हर झाल्याझाल्या मी आधी त्यांच्याकडे गेले.

आणखी एक सोय, जी खोक्यावर लिहिलेली नाही. मध्येच सासूबाईंनी हाक मारली तर घड्याळ आडवं करायचं. वाळू थांबते. परत येऊन उभं केलं की उरलेली वेळ तशीच शिल्लक असते. आता घरात सगळ्यांना माहीत आहे की आडवं घड्याळ म्हणजे आई परत येऊन बसणार आहे. मुलगी सात वर्षांची आहे, ती त्याला हात लावत नाही आणि शेजारून आवाज न करता जाते. हे मी तिला शिकवलेलं नाही.

उणिवाही आहेत. लाकडी चकतीला खालून कापड लावलेलं नाही, त्यामुळे रात्री उलटवताना मेजावर आवाज होतो. मी जाड पट्टी चिकटवली. कोरड्या फडक्याने काच जोरात पुसली तर काही दाणे आतून काचेला चिकटून राहतात, बोटाने हलकेच टिचकी मारली की सुटतात. एक दांडी दुसऱ्या महिन्यात सैल झाली, ती डिंकाने बसवली. एवढ्या साध्या वस्तूत निदान जोड तरी पक्के असायला हवे होते.

चार महिन्यांत माझे अकरा दिवस चुकले. ते मी वहीत लिहून ठेवले आहेत, पण शून्यापासून मोजायला कुणी लावलं नाही. पाचपैकी चार तारे देते, एक तारा त्या दांडीसाठी कापला आहे. आता ड्युटीच्या बॅगेत ठेवायला पाच मिनिटांचं एक शोधते आहे, कपडे बदलायच्या खोलीत कठीण पाळीनंतर लगेच बसता यावं म्हणून. त्याला धातूची चौकट हवी. लाकडाची बॅगेत टिकणार नाही. कुणी वापरलं असेल तर जोड कसे आहेत तेवढं जरूर सांगा.